योग्य पटर कोणता? एका काठीच्या निमित्ताने संशोधनाची रचना

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींचे प्रश्न साधारण एकाच साच्यातले असतात. ‘अमुक साधनाचा तमुक कामगिरीवर होणारा परिणाम.’ अध्यापनपद्धती आणि गुण, खत आणि उत्पादन, अॅप आणि अभ्यासाची सवय. शीर्षक छान दिसतं, गाईडही मान हलवतात, आणि दीड वर्षाने लक्षात येतं की गोळा केलेल्या माहितीतून या प्रश्नाचं उत्तर निघूच शकत नाही. माहिती चुकीची नसते, प्रश्न आणि मोजमाप यांची सांगड बसलेली नसते.

ही सांगड कशी घालायची ते आज गोल्फच्या पटरवरून बघू. गोल्फच का? एक तर या खेळातल्या मोजमापांची नोंद फार बारकाईने झालेली आहे. दुसरं म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल्फ खेळलेला नसेल, त्यामुळे ‘मला माहीतच आहे’ हा आपला नेहमीचा अडथळा आपोआप दूर होतो. कॅरम खेळणाऱ्यांना प्रश्न ओळखीचा वाटेल: स्ट्रायकर बदलला की खेळ सुधारतो का, की फक्त तसं वाटतं?

आधी वस्तू समजून घ्या

गोल्फमध्ये खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ काठ्या, म्हणजे क्लब, जवळ ठेवता येतात. चेंडू ग्रीनवर, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवतावर पोहोचला की बहुतेक सगळे पटर हातात घेतात. इथे चेंडू उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळत होलमध्ये घालायचा असतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम.

पटर निवडताना पाच-सहा गोष्टी बदलता येतात.

डोक्याचा आकार: पातळ, पट्टीसारखा तो ब्लेड. मागे पसरलेला, मोठा तो मॅलेट.

लांबी: साधारण ३३ ते ३५ इंच. लांबी बदलली की वाकण्याची पद्धत बदलते आणि त्याबरोबर डोळे चेंडूच्या नेमके वर येतात की आत-बाहेर, तेही बदलतं.

लाय: दांडा जमिनीशी करतो तो कोन. दांडा अगदी उभा चालत नाही, उभ्या रेषेपासून तो किमान १० अंश कललेला हवा असा नियम आहे.

लॉफ्ट: पटरचा चेहरा सरळ उभा वाटला तरी तो सहसा ३-४ अंश मागे कललेला असतो. चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतून बसतो, त्यातून त्याला बाहेर काढण्यासाठी एवढा कल पुरतो.

तोल: दांडा बोटावर आडवा तोलून धरला की काही पटरांचा चेहरा आकाशाकडे बघतो, तर काहींचं टोक खाली झुकतं. विक्रेते सांगतात की सरळ रेषेत हात हलवणाऱ्यांनी पहिला घ्यावा, कमानीत हलवणाऱ्यांनी दुसरा. हे वाक्य सध्या ‘परिकल्पना’ या खणात ठेवून द्या.

याशिवाय वजन, मूठ आणि डोक्यावरच्या नेम धरायच्या रेषा आहेतच.

संशोधनाच्या भाषेत हे सगळे स्वतंत्र चल. पहिला धडा इथेच आहे. ‘मॅलेट विरुद्ध ब्लेड’ ही तुलना दिसते एका चलाची, पण दुकानातले दोन पटर उचलले तर त्यांचं वजन, लांबी, मूठ, रेषा आणि तोल हे सगळंच वेगळं असतं. फरक पडला तरी तो कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. ‘नवी अध्यापनपद्धती विरुद्ध पारंपरिक पद्धती’ या तुलनेत शिक्षक, वेळ आणि पुस्तक तिन्ही बदलले तर जे होतं, तेच इथे होतं.

‘योग्य’ म्हणजे काय?

आता परतंत्र चल. पटर ‘चांगला’ ठरवायचा कशावरून? सगळ्यांच्या तोंडी येणारं उत्तर: एका फेरीत पटरने किती फटके लागले ते मोजा, जितके कमी तितका चांगला.

वरवर पटतं. पण समजा एका खेळाडूचा ग्रीनबाहेरचा खेळ कच्चा आहे. त्याचा चेंडू ग्रीनवर पोहोचत नाही, बाहेरच पडतो. तिथून तो हलका फटका मारून चेंडू होलपासून हातभर अंतरावर आणतो आणि एका फटक्यात आत घालतो. दुसरा खेळाडू लांबूनच ग्रीन गाठतो, पण होलपासून दहा मीटरवर. त्याला दोन फटके लागतात. आकड्यांत पहिला ‘पटिंगचा राजा’ ठरतो. खरं तर त्याला कधी अवघड पटिंग करावंच लागलेलं नाही.

हा घोळ कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी सोडवला. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर प्रत्येक फटक्याची जागा आणि अंतर नोंदवलं जातं. त्यावरून अमुक अंतरावरून व्यावसायिक खेळाडूंना सरासरी किती फटके लागतात ते काढता येतं. ८ फुटांवरून ते निम्म्या वेळा पहिल्याच फटक्यात यशस्वी होतात, म्हणजे सरासरी साधारण १.५ फटके. ३३ फुटांवरून सरासरी २. आता ८ फुटांवरून तुम्ही एकात घातलात तर ०.५ कमावला, दोन लागले तर ०.५ गमावला. याला म्हणतात ‘स्ट्रोक्स गेन्ड’. पीजीए टूरने पटिंगसाठी हे माप २०११ मध्ये स्वीकारलं.

बघा, यात अवघड गणित काहीच नाही. फक्त ‘किती?’च्या जागी ‘अपेक्षेपेक्षा किती?’ असा प्रश्न आला. तुमच्या विषयातही हे करता येतं. एका शाळेचा निकाल ९० टक्के आणि दुसरीचा ७० टक्के, एवढ्यावरून शाळा चांगली-वाईट ठरत नाही. मुलं दाखल झाली तेव्हा कुठे होती, हे विचारावंच लागतं.

याच मापातून आणखी एक गोष्ट पुढे आली. अव्वल व्यावसायिक आणि सरासरी व्यावसायिक यांच्यातल्या फरकात पटिंगचा वाटा ब्रॉडी यांच्या हिशोबाने साधारण १५ टक्के निघतो. बाकीचा फरक लांबच्या आणि मधल्या फटक्यांत असतो. म्हणजे पटर बदलून मिळू शकणाऱ्या फायद्याला मुळातच मर्यादा आहे. प्रश्न हातात घेण्याआधी ‘या चलाला जास्तीत जास्त किती वाव आहे?’ हे विचारण्याची सवय लावून घ्या.

विजेत्याचा पटर

पटर विकतो तो विजेत्याच्या हातातून. १९८६ मध्ये जॅक निक्लस यांनी ४६व्या वर्षी मास्टर्स जिंकली तेव्हा त्यांच्या हातात मॅकग्रेगर कंपनीचा भलामोठा डोक्याचा पटर होता. लगेच त्याला मागणी उसळली. त्याच स्पर्धेत तोच किंवा तसाच पटर घेऊन कोण हरलं, हे कोणी विचारत नाही. हरलेल्यांचे पटर छायाचित्रात येत नाहीत. नमुना निवडतानाच फक्त यशस्वी लोक घेतले की निष्कर्ष आधीच ठरून जातो.

यापेक्षा अवघड उदाहरण अलीकडचं आहे. स्कॉटी शेफलर २०२३ मध्ये पटर हातात येईपर्यंतच्या खेळात जगात सर्वोत्तम होता, पण पटिंगच्या स्ट्रोक्स गेन्डमध्ये टूरवर १६२वा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रोरी मॅकिलरॉयने टीव्हीवर बोलताना सुचवलं की त्याने मॅलेट वापरून बघावा. मार्चमध्ये शेफलरने टेलरमेडचा स्पायडर हा मॅलेट हातात घेतला, त्याच आठवड्यात अर्नोल्ड पामर स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली, पुढच्या आठवड्यात प्लेअर्स जिंकली आणि एप्रिलमध्ये मास्टर्स.

आता तुम्ही म्हणाल, याहून मोठा पुरावा काय हवा? पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघा.

एक: २०२३ च्या शरद ऋतूपासून तो फिल केन्यन या पटिंगच्या प्रशिक्षकाबरोबर काम करत होता. सुधारणा प्रशिक्षणाची की पटरची? दोन्ही कारणं एकाच काळात आली की ती एका खेळाडूच्या निकालातून वेगळी काढता येत नाहीत.

दोन: पटर कोण बदलतो आणि कधी? ज्याचं पटिंग बिघडलंय तो, आणि ते सगळ्यात बिघडलेलं असतं तेव्हा. कोणत्याही कामगिरीत थोडा नशिबाचा भाग असतोच. अगदी तळाच्या टप्प्यात नशीबही सहसा विरोधात असतं. पुढच्या टप्प्यात ते नेहमीसारखं होतं आणि काहीच न बदलता कामगिरी वर येते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ताप सगळ्यात चढलेला असताना दिलेलं कोणतंही औषध गुणकारी वाटतं, तसंच हे.

तीन: हा खेळाडू पटर बदलण्याआधीही बाकीच्या खेळात इतरांच्या कितीतरी पुढे होता. त्याला पटिंगमध्ये जगज्जेता व्हायची गरजच नव्हती, सरासरीइतकं आलं तरी पुरे होतं. त्या पूर्ण वर्षात त्याने टूरच्या सात स्पर्धा जिंकल्या, तरी पटिंगच्या क्रमवारीत तो पहिल्या पन्नासातही नव्हता.

याचा अर्थ मॅलेटचा उपयोग झाला नाही असा नाही. झाला असेलही. पण या एका गोष्टीतून ते सिद्ध होत नाही. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं ठरलं’ या दोन वाक्यांतलं अंतर ज्याला कळलं, त्याचं निम्मं काम झालं.

कारण माहीत असेल तर अंदाज बांधता येतो

आता जरा भौतिकशास्त्र. कार्स्टन सोल्हाइम हे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन अभियंता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना त्यांनी १९५९ मध्ये स्वतःचा पटर बनवला. चेंडूला लागताना त्याचा ‘पिंग’ असा आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नावही पिंग. १९६६ मध्ये त्यांचा ‘आन्सर’ हा पटर आला आणि त्या आकाराच्या नकला आजही होतात.

त्यांची कल्पना सोपी होती. डोक्यातलं वस्तुमान मधून काढून दोन्ही टोकांकडे न्यायचं. चेंडू मधोमध न लागता बाजूला लागला की डोकं गिरक्यासारखं थोडं फिरतं. वस्तुमान टोकांना असेल तर ते कमी फिरतं. घरी करून बघा: फूटपट्टीच्या मध्यावर दोन नाणी चिकटवून ती चिमटीत फिरवा, मग तीच नाणी दोन टोकांना चिकटवा. वजन तेच, पण फिरवायला जड. बारावीच्या पुस्तकातलं जडत्व आघूर्ण ते हेच. यात अंतराचा वर्ग येतो, म्हणून वस्तुमान ३ सेंटिमीटरऐवजी ५ सेंटिमीटरवर नेलं की त्याचा वाटा २५ भागिले ९, म्हणजे जवळपास पावणेतीन पट होतो.

मग मोठ्या जडत्व आघूर्णाचा पटर घेतला की काम झालं? थांबा, आकडे घालून बघू. डोक्याचं वस्तुमान ३५० ग्रॅम, चेंडू ४६ ग्रॅम. एका पटरचं जडत्व आघूर्ण ४००० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर धरू, दुसऱ्याचं ६०००. टक्कर इतकी क्षणिक असते की तेवढ्या वेळात हातांचा आणि दांड्याचा प्रभाव सोडून देता येतो. चेंडू मध्यापासून १ सेंटिमीटर बाजूला लागला तर पहिल्या पटरने चेंडूचा वेग साधारण १ टक्का घटतो, दुसऱ्याने ०.७ टक्के. घरंगळण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे १० मीटरच्या फटक्यात पहिला चेंडू सुमारे २० सेंटिमीटर अलीकडे थांबेल, दुसरा १३. फरक ७ सेंटिमीटर. चूक २ सेंटिमीटरची असेल तर पहिला सुमारे ७७ आणि दुसरा ५२ सेंटिमीटर अलीकडे. फरक २५ सेंटिमीटर.

हा कागदावरचा हिशोब आहे, पण तो दोन गोष्टी सांगतो. जो खेळाडू बहुतेक वेळा मधोमधच मारतो, त्याला मोठ्या डोक्याचा फायदा नगण्य. ज्याचे फटके चेहऱ्यावर इकडेतिकडे पडतात, त्याला लांबच्या अंतरावर खरा फायदा. म्हणजे ‘मॅलेट चांगला की ब्लेड?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणासाठी, कोणत्या अंतरावर?’ हे त्यात यायलाच हवं. आणि मोजायचं काय तेही कळलं: चेहऱ्यावर पावडर लावून वीस चेंडू मारा, ठसे किती पसरलेत ते बघा. दुकानात जायच्या आधीच अर्धा निर्णय होतो.

वीस फटक्यांत काय कळतं?

दुकानातली नेहमीची चाचणी अशी. ८ फुटांवरून जुन्या पटरने २० फटके, नव्याने २०. जुन्याने ९ आत, नव्याने १२. ‘बघा साहेब, फरक स्वच्छ दिसतोय!’ आणि चारशे-पाचशे डॉलर खिशातून जातात.

दोन्ही पटर अगदी सारखे आहेत आणि प्रत्येक फटका आत जाण्याची शक्यता ५० टक्के आहे असं धरू. तरीही २०-२० फटक्यांत तीन किंवा त्याहून जास्त फरक निव्वळ योगायोगाने दर दहापैकी साधारण चार वेळा दिसेल. फरकाची प्रमाण त्रुटीच जवळपास १६ टक्के गुण आहे. आपल्याला दिसलेला फरक १५ टक्के गुणांचा. म्हणजे काहीच कळलं नाही.

मग किती फटके हवेत? समजा नवा पटर खरोखर चांगला आहे आणि यश ५० वरून ५५ टक्क्यांवर नेतो. हा फरक ५ टक्के सार्थकता पातळीवर, आणि दर शंभर प्रयोगांत ८० वेळा तरी पकडला जावा, अशी अट ठेवली, तर प्रत्येक पटरने साधारण १५६० फटके हवेत. दोन्ही मिळून तीन हजारांच्या वर. पाठ मोडेल!

इथे बरेच जण दोनपैकी एक करतात. एकतर निमूटपणे ३० चा नमुना घेतात, कारण ‘सगळे ३० च घेतात’. नाहीतर प्रश्नच सोडून देतात. तिसरा रस्ता आहे: मोजमाप बदला.

‘आत गेला की नाही’ या उत्तरात फार कमी माहिती असते. होलला चाटून गेलेला चेंडू आणि दोन हात लांबून गेलेला चेंडू, दोघांना शून्यच. त्याऐवजी चेंडू अपेक्षित रेषेपासून किती अंश ढळला ते मोजा. ८ फुटांवरून होलच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण १.२७ अंशांची सूट असते. ५० टक्के यश म्हणजे दिशेचं प्रमाण विचलन सुमारे १.९ अंश, ५५ टक्के म्हणजे सुमारे १.७. इथे मी फक्त दिशा धरली आहे, वेग सोडला आहे, आणि वितरण प्रसामान्य मानलं आहे. आता विचलनांचीच तुलना केली तर तेवढीच ताकद मिळवायला प्रत्येकी साधारण ६१० फटके पुरतात. त्याच घामात अडीच पट माहिती.

अजून पुढे जाऊ. विखुरण्याऐवजी कल मोजला तर? समजा एका पटरच्या रेषा आणि आकारामुळे तुमचा नेम नकळत १ अंश डावीकडे जातो. इतका कल पकडायला प्रत्येकी ५५ च्या आसपास फटके पुरे. आणि चेंडू न मारता नुसता नेम मोजला तर हातांच्या हालचालीचा गोंगाटही गेला, म्हणजे त्याहून कमी.

नेम मोजायची युक्ती स्वस्त आहे. पटरच्या चेहऱ्यावर छोटा सपाट आरसा चिकटवा. होलच्या जागी लेझर पॉइंटर ठेवा आणि त्याच्यामागे उभा पुठ्ठा. चेंडू ठेवून नेम धरा, मग दुसऱ्याने चेंडू उचलून लेझर सुरू करायचा. परतलेला ठिपका पुठ्ठ्यावर कुठे पडतो त्यावर खूण करा. आरसा १ अंश वळला की परावर्तित किरण २ अंश वळतो, त्यामुळे ८ फुटांवर १ अंशाची चूक ८५ मिलिमीटर दिसते. लॉफ्टमुळे ठिपका वर सरकतो, म्हणून पुठ्ठा उंच ठेवा आणि फक्त डावं-उजवं वाचा. किरण जमिनीलगत राहील आणि कोणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढी काळजी घ्या.

चेंडू सुरुवातीला कुठे जाणार हे मुख्यतः टकरीच्या क्षणी चेहरा कुठे बघतोय यावर ठरतं, काठी कोणत्या वाटेने आली यावर कमी. म्हणून नेमातला कल ही किरकोळ गोष्ट नाही. तुम्ही डावीकडे नेम धरत असाल तर चेंडू आत घालण्यासाठी हातांना रोज उजवीकडे दुरुस्ती करावी लागते.

यातला धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडचा वेळ आणि पैसा ठरलेला आहे. तेवढ्यात ज्याचं उत्तर मिळू शकतं असा प्रश्न निवडा. याला तडजोड म्हणत नाहीत, यालाच संशोधनाची रचना म्हणतात.

मनाचा पटर

एक अडचण उरली. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी कोणती ते कळू देत नाहीत. पटर मात्र खेळाडूला दिसतोच. मग अपेक्षेचा परिणाम कसा वेगळा काढणार?

२०११ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४१ जणांनी एकाच पटरने प्रत्येकी दहा फटके मारले. काहींना सांगितलं होतं की हा पटर पूर्वी बेन कर्टिस या व्यावसायिक खेळाडूचा होता. त्या गटाने जास्त चेंडू आत घातले आणि त्यांना होलही मोठं भासलं. पटर तोच, फक्त कहाणी वेगळी.

लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्या संशोधकांचा असाच एक प्रयोग गाजला होता. ज्यांना ‘हा चेंडू भाग्याचा आहे’ असं सांगितलं त्यांनी दहापैकी सरासरी ६.४२ आत घातले, इतरांनी ४.७५. सहभागी होते फक्त २८. २०१४ मध्ये कॅलिन-जेजमन आणि कॉल्डवेल यांनी शंभराहून जास्त सहभागी घेऊन तो प्रयोग पुन्हा केला, तोही दोनदा. परिणाम दिसला नाही.

म्हणजे अपेक्षेचा प्रभाव असूही शकतो, पण लहान नमुन्यातला देखणा आकडा त्यासाठी पुरेसा नाही. दुकानातल्या २० फटक्यांना जो नियम लावला तोच छापून आलेल्या प्रयोगालाही लावायचा. संदर्भ म्हणून एखादा शोधनिबंध देताना त्यातला नमुना किती होता आणि पुन्हा कोणी तो प्रयोग केला का, हे बघितल्याशिवाय ‘सिद्ध झाले आहे’ असं लिहू नका.

तर मग पटर कसा निवडायचा?

हे सगळं जोडून एका संध्याकाळची चाचणी अशी होईल.

आधी पावडर लावून ठसे बघा. पसरलेले असतील तर मोठ्या जडत्व आघूर्णाचे पटर यादीत घ्या, एकवटलेले असतील तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. मग लांबी आणि लाय शरीराला जुळवून घ्या, म्हणजे त्यांचा फरक तुलनेत शिरणार नाही. मग तीन-चार पटरांवर आरशाने नेम मोजा, प्रत्येकी वीसेक वेळा. पण एकाचे सगळे वीस संपवून दुसऱ्याकडे जाऊ नका, नाहीतर सराव आणि थकवा दोन्ही पटराच्या नावावर जमा होतील. पाच-पाचचे गट पाडा, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. खुणा मोजणाऱ्याला पटर कोणता ते सांगू नका. खेळाडू आंधळा ठेवता येत नसेल, तर निदान मोजणारा ठेवता येतो. निर्णयाचा नियमही आधीच लिहून ठेवा: ‘कल शून्याच्या सगळ्यात जवळ तो पटर. दोन जवळपास सारखे असतील तर स्वस्त तो.’

या चाचणीतून हा पटर या माणसाला योग्य आहे का, एवढंच कळेल. एका माणसाने तीन हजार फटके मारले तरी नमुना एकच माणसाचा राहतो. ‘कमानीत हात हलवणाऱ्यांनी टोक झुकणारा पटर घ्यावा’ हे मघाशी खणात ठेवलेलं वाक्य तपासायचं असेल, तर वेगवेगळ्या सवयींची पुष्कळ माणसं हवीत आणि प्रत्येकाने दोन्ही प्रकारचे पटर वापरायला हवेत. एका वर्गातल्या साठ मुलांवर केलेला प्रयोग आणि साठ शाळांवर केलेला प्रयोग यांत हाच फरक आहे.

आता तुमचा सिनॉप्सिस समोर घ्या आणि पेन्सिलीने समासात पाच उत्तरं लिहा. माझ्या तुलनेत एकाच वेळी किती गोष्टी बदलताहेत? माझं माप ‘किती’ सांगतंय की ‘अपेक्षेपेक्षा किती’? परिणाम झालाच तर कोणत्या मार्गाने होईल, आणि कागदावर तो केवढा निघतो? तेवढा परिणाम पकडायला माझा नमुना पुरतो का? पुरत नसेल, तर माप बदलून पुरेसा होईल का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर घाबरू नका. ते आज, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं आहे. तिसऱ्या वर्षी व्हायव्हाच्या टेबलावर परीक्षकाकडून ऐकण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.